अजून थोडं दाब! वायरचा जोड आणि रॅचेटवाली पक्कड

परवाच्या भागात बोलता बोलता मी माइकजवळ एक पक्कड दाबली होती. कट-कट-कट-कट, आणि शेवटी एक 'टक्'. सायकल चालवताना पाय थांबवले की मागचं चाक टिकटिक करत फिरतं ना, साधारण तसाच आवाज. हे साम्य योगायोगाचं नाही, दोन्हीकडे आत एकच युक्ती आहे. ती पक्कड म्हणजे वायरच्या टोकाला लग किंवा कनेक्टर बसवायचं रॅचेटवालं क्रिम्पिंग टूल. भागात त्याचा आवाज तेवढा ऐकवला, वापरायचं कसं ते राहूनच गेलं. आणि खरं सांगायचं तर ते नुसतं ऐकून कळलंही नसतं. म्हणून हा लेख.

'मला काय करायचंय वायरिंगशी?' असं वाटत असेल तर थोडं थांबा. घरापासून लांब, भाड्याच्या जागेत राहत असाल, तर कधी ना कधी तुम्ही दोन वायरी जोडणार आहात. कॅम्पिंगच्या फ्रिजसाठी, गाडीतल्या जादा दिव्यासाठी, नाहीतर माझ्यासारखं मखरासाठी.

मखरातून आलेला वास

मागच्या वर्षी वेस्टमीडच्या आमच्या फ्लॅटमध्ये गणपती बसवला. इथे बाप्पा येतात तेव्हा सिडनीची थंडी नुकती ओसरत असते. खिडक्या बंद, हीटर चालू. फोमबोर्डचं मखर केलं आणि त्याच्या कडेने १२ व्होल्टची पाच मीटर एलईडी पट्टी फिरवली. अॅडॉप्टरची वायर पट्टीच्या वायरपर्यंत पोचेना, म्हणून मध्ये एक तुकडा जोडायचा होता.

व्हिडिओ कॉलवर बाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्यात काय एवढं? सोल, घट्ट पीळ मार, वर टेप गुंडाळ." मला ते जरा गावठी वाटलं. मी दुकानातून रंगीत प्लास्टिकचे कनेक्टर आणले, त्यात दोन्हीकडून वायरी घातल्या आणि घरातल्या साध्या पकडीने जोर लावून चेपले. दिसायला झकास.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीच्या वेळी कापराच्या वासात एक वेगळाच वास मिसळला. आरती तशीच थांबवून प्लग काढला. मखराच्या मागचा एक कनेक्टर तपकिरी पडून मऊ झाला होता, आणि तो फोमबोर्डला चिकटवलेला होता. नुकसान तेवढंच झालं. पण आम्ही दोन मिनिटांनी सगळे जेवायला दुसऱ्या खोलीत जाणार होतो, हे आठवलं की अजूनही बरं वाटत नाही.

बारा व्होल्टला एवढं काय तापतं?

आपल्याला सवयीने वाटतं की १२ व्होल्ट म्हणजे खेळणं. शॉकच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. उष्णतेच्या बाबतीत मात्र नाही.

हिशोब बघा. मीटरला १४.४ वॉट अशी पाच मीटर पट्टी म्हणजे ७२ वॉट. २३० व्होल्टवर एवढ्या शक्तीला साधारण ०.३ अँपिअर प्रवाह पुरतो. १२ व्होल्टवर त्याच ७२ वॉटला ६ अँपिअर लागतात, म्हणजे जवळजवळ वीसपट. आणि जोडात तयार होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते: प्रवाह गुणिले प्रवाह गुणिले जोडाचा रोध.

चांगल्या जोडाचा रोध एक-दोन मिलिओहम असतो. २ मिलिओहम धरला तर ६ × ६ × ०.००२, म्हणजे ०.०७ वॉट. हाताला कळणारही नाही. तोच जोड सैल असून रोध ०.१ ओहम झाला, तर ३.६ वॉट. आकडा छोटा दिसतो, पण छोट्या सोल्डरिंग आयर्नची शक्तीच १५ ते २५ वॉट असते. त्याचा पाचवा-सहावा भाग नखाएवढ्या जागेत, वर प्लास्टिकचं पांघरूण आणि मागे फोमबोर्ड, असा तासन्‌तास चालू राहतो.

पुढे ते वाढतच जातं. तापल्यामुळे तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो. तापणं-निवणं होताना जोड आणखी ढिला पडतो. रोध वाढतो, म्हणून तो आणखी तापतो. म्हणूनच असा जोड पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगा देतो. दिवे चालू असतात, त्यामुळे आपल्याला वाटतं जोड ठीक आहे. 'लागलं' आणि 'नीट लागलं' यातला फरक दिव्याकडे बघून कळत नाही.

दाबल्याने नेमकं काय होतं?

तांब्याच्या दोन तारा एकमेकींवर ठेवल्या तर त्या डोळ्यांना चिकटलेल्या दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पृष्ठभाग डोंगराळ असतो, आणि फक्त काही शिखरं एकमेकांना टेकलेली असतात. प्रवाह तेवढ्याच ठिकाणांहून जातो. शिवाय वर ऑक्साइडचा पातळ थर असतोच.

क्रिम्प करताना वायरीच्या बारीक तारा धातूच्या छोट्या नळीत घालतात आणि ती नळी पुरेशा दाबाने कायमची चेपतात. तारा आणि नळी दोन्ही आपला आकार सोडतात, धातू अक्षरशः सरकतो, सरकताना ऑक्साइडचा थर फाटतो आणि आतला ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. नीट जमलं तर तारांच्या मधली पोकळी जवळजवळ नाहीशी होते. हवा-ओलावा आत शिरत नाही, म्हणून जोड वर्षानुवर्षं टिकतो. सोल्डर नाही, उष्णता नाही, फक्त दाब.

पण किती दाब? कमी पडला तर पोकळी राहते, वायर निसटते. जास्त झाला तर तारा चपट्या होऊन पातळ पडतात आणि हलत्या जागी तिथेच तुटतात. गंमत म्हणजे ओढ सहन करण्याची ताकद आणि वीज वाहून नेण्याची क्षमता एकाच दाबाला सगळ्यात चांगल्या होत नाहीत. ओढीची ताकद आधी शिखर गाठते आणि मग उतरायला लागते. विजेला त्याहून थोडा जास्त दाब मानवतो. कनेक्टर आणि त्याचं टूल बनवणारे या दोन्हींच्या मधली जागा निवडतात. ती जागा अरुंद आहे. साध्या पकडीने ती हाताच्या अंदाजाने शोधायची म्हणजे रोज दाबणाऱ्या माणसाला कदाचित जमेल. वर्षातून एकदा मखर करणाऱ्या मला कुठून जमणार?

रॅचेट काय करतं?

टूलच्या हँडलमध्ये एक दातेरी पट्टी असते आणि तिच्यावर स्प्रिंगने टेकलेला एक खटका. तुम्ही दाबत जाता तसा खटका दातांवरून घसरत जातो, तोच तो कट-कट आवाज. मध्येच हात सैल केलात तर खटका दातात अडकतो आणि जबडा उघडत नाही. ठरलेल्या अंतरापर्यंत पूर्ण दाबल्यावरच खटका शेवटच्या दातापलीकडे जातो आणि टूल 'टक्' करून सुटतं. म्हणजे अर्धवट क्रिम्प करून ते तुम्हाला सोडतच नाही.

दुसरी गोष्ट, हँडल आणि जबडा यांच्यामध्ये गुडघ्यासारखी सांध्याची रचना असते. हा गुडघा सरळ होत येतो तसा जबड्यावरचा दाब खूप वाढतो. त्यामुळे दणकट मनगट नसलं तरी चालतं, आणि तुमचा क्रिम्प आणि माझा क्रिम्प सारखाच येतो.

ही कल्पना मोठ्या प्रमाणावर पसरली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४१ मध्ये अमेरिकेत यू. ए. व्हिटकर यांनी सुरू केलेली एएमपी कंपनी विमानं आणि जहाजांसाठी सोल्डरशिवाय बसणारे टर्मिनल बनवू लागली. सोल्डरिंगला वेळ लागतो आणि हात तयार व्हावा लागतो. ठरावीक दाबाचं टूल असलं की नवा माणूसही थोड्या दिवसांत भरवशाचा जोड करू शकतो. आज नासाचंही क्रिम्पिंग आणि केबल-जोडणीसाठी वेगळं मानक आहे. आपल्या पुण्याच्या आसपास गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचे कारखाने आहेत. तिथे हे काम मशीनवर होतं आणि नमुन्याचा क्रिम्प आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

बाबांच्या पिढीने हे काम कसं शिकलं? पुण्यात तापकीर गल्लीतल्या नाहीतर मुंबईत लोहार चाळीतल्या दुकानातून सामान आणायचं आणि कुणा जाणत्या वायरमनशेजारी उभं राहायचं. तो बघायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं दाब." इथे आपल्याशेजारी तो माणूस नाही. रॅचेट त्याचं तेवढं एक वाक्य मात्र बोलतं.

फक्त तेवढं एकच, हे लक्षात ठेवा.

रॅचेटला काय कळत नाही

मखराच्या प्रकरणानंतर मी रॅचेटवालं टूल घेतलं. पहिलाच जोड केला, छान 'टक्' आवाज आला. वायर जरा ओढली तर ती अलगद हातात आली! टूल आपलं काम चोख करत होतं. मीच बारीक वायर पिवळ्या कनेक्टरमध्ये घातली होती. जबडा किती मिटला एवढंच रॅचेट मोजतं. आत काय ठेवलंय, ते त्याला माहीत नसतं. ते तुम्हाला बघायचं आहे.

*रंग.* इन्सुलेशनवाल्या कनेक्टरचे रंग जगभर साधारण एकच अर्थ सांगतात. लाल: ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर. निळा: १.५ ते २.५. पिवळा: ४ ते ६. जबड्यावरही याच रंगांचे ठिपके असतात. लाल कनेक्टर लाल खाचेत, निळा निळ्या खाचेत.

*वायरचं माप.* इथे ऑस्ट्रेलियात एक खास खड्डा आहे. आपल्याकडे 'दीडची', 'अडीचची' वायर म्हणतात तेव्हा ते तांब्याचं क्षेत्रफळ असतं, चौरस मिलिमीटरमध्ये. इथे गाडीची वायर 'चार एमएम' म्हणून विकतात ते मात्र इन्सुलेशनसकट बाहेरच्या जाडीचं माप असतं! अशा 'चार एमएम' वायरमध्ये तांबं साधारण १.८ चौरस मिलिमीटरच असतं आणि 'सहा एमएम'मध्ये सुमारे ४.६. म्हणजे 'चार एमएम'ला निळा कनेक्टर, 'सहा एमएम'ला पिवळा. नाव ऐकून 'चार'ला पिवळा लावाल तर वायर सैल राहील, आणि तांबं चार चौरस आहे असं समजून तिच्यावर जादा भारही टाकाल. रिळावर चौरस मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो, तो वाचा.

*वायरची जात.* हे कनेक्टर बारीक तारांच्या, मऊ वायरसाठी असतात. एकाच जाड तारेच्या वायरला ते वापरू नका.

*जबडा.* इन्सुलेशनवाल्या कनेक्टरचा जबडा वेगळा, उघड्या लगचा वेगळा, फेरूलचा वेगळा. एकाचं काम दुसऱ्याने करायला गेलात तरी रॅचेट मुकाट्याने सुटेल, जोड मात्र कच्चा राहील.

आता प्रत्यक्ष करू

सगळ्यात आधी प्लग काढा, बॅटरी असेल तर तिची तार सोडा. मग:

१. वायर सोला. कनेक्टरच्या आतल्या धातूच्या नळीएवढीच, साधारण ६ ते ८ मिलिमीटर. दाताने किंवा कटरने नको, वायर सोलायचं टूल वापरा. सोलताना तीन-चार तारा तुटल्या तर ते टोक कापून टाका आणि परत सोला. तुटलेल्या तारा म्हणजे बारीक झालेली वायर.

२. तारा सरळ ठेवा. सुट्या पडत असतील तर मूळच्या वळणाच्या दिशेने हलकासा पीळ द्या. टोकाला आधी सोल्डर लावू नका. हा मोह बऱ्याच जणांना होतो. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि घट्ट वाटणारा जोड काही महिन्यांत ढिला होतो.

३. कनेक्टर योग्य रंगाच्या खाचेत ठेवा आणि एक-दोन 'कट' होतील इतकंच दाबा. कनेक्टर पकडला जाईल, पण चेपणार नाही. आता एक हात मोकळा झाला.

४. वायर आत सरकवा. तारा नळीच्या पलीकडच्या टोकाशी जेमतेम दिसायला हव्यात आणि इन्सुलेशन प्लास्टिकच्या बाहीत गेलेलं हवं. खाचेला दोन भाग असतात. एक तारांना चेपतो, दुसरा वायरच्या कव्हरला आधार देतो, म्हणजे वायर हलली तरी ताण तारांवर येत नाही. कनेक्टर उलटा धरलात तर हे दोन्ही भाग चुकीच्या जागी पडतात.

५. दाबा. पूर्ण. 'टक्' होऊन सुटेपर्यंत. मध्येच वायर निसटली किंवा बोट अडकलं तर हँडलच्या मधे एक छोटी कळ असते, ती ढकलली की रॅचेट सुटतं. पण असा अर्ध्यात सोडलेला कनेक्टर परत वापरायचा नाही. फेकून द्या.

६. बघा आणि ओढा. एकही तार बाहेर राहिलेली नको, प्लास्टिक फाटलेलं नको. मग वायर हाताने नीट ओढा. निघाली तर आत्ता निघालेली बरी.

७. वीज चालू करून पंधरा-वीस मिनिटांनी प्लग काढा आणि जोडाला हात लावा. बाकीच्या वायरपेक्षा तो गरम लागत असेल तर कापा आणि नवा करा.

नव्या टूलवर पहिले चार-पाच क्रिम्प टाकाऊ तुकड्यांवर करा. योग्य कनेक्टर असूनही वायर निघत असेल तर हँडलपाशी + आणि − खुणांचं छोटं चाक असतं, ते एक-एक दात + कडे फिरवून पाहा. बनिंग्ज, जेकार, सुपरचीप ऑटो अशा दुकानांत टूल आणि कनेक्टर दोन्ही मिळतात.

आणि बॅटरीवर काम असेल तर बॅटरीजवळ फ्यूज हवाच. गाडीच्या बॅटरीची शॉर्टसर्किटमध्ये शेकडो अँपिअर द्यायची तयारी असते. तिथे उत्तम क्रिम्पसुद्धा तुम्हाला वाचवणार नाही.

भिंतीच्या आत हात नाही

हे टूल हातात आलं की बळ चढतं. बाथरूमचा पंखा खरखर करतोय, एक सॉकेट सैल आहे, करून टाकू का? नाही. न्यू साउथ वेल्समध्ये घराच्या कायमच्या वायरिंगला हात लावायला इलेक्ट्रिशियनचं लायसन्स लागतं, काम कितीही छोटं असलं तरी. तुमच्याकडे भारतातलं आयटीआयचं वायरमनचं प्रमाणपत्र असलं, वीस वर्षांचा अनुभव असला, तरी इथलं लायसन्स नसेल तर ते काम तुमचं नाही. ओळखीच्या कुणी "दोनशे डॉलर देतो, जरा बघ ना" म्हटलं तरी नाही. भाड्याचं घर असेल तर एजंटला लेखी कळवा.

इथल्या वायरिंगच्या नियमांत ५० व्होल्ट एसी किंवा १२० व्होल्ट डीसीपर्यंतच्या विजेला एक्स्ट्रा-लो व्होल्टेज म्हणतात. मखराची पट्टी, कॅम्पिंगचे दिवे, गाडीतलं १२ व्होल्टचं काम यात येतं. आपलं अंगण तेवढंच. पट्टीसाठी अॅडॉप्टर इथलाच, आरसीएम चिन्ह असलेला घ्या. भारतातून आणलेला अॅडॉप्टर ट्रॅव्हल पिनमध्ये खोचून दहा दिवस चालू ठेवायची ही जागा नाही.

आणि बाबांचा पीळ?

त्यांना मी त्या तपकिरी कनेक्टरचा फोटो पाठवला. अपेक्षेप्रमाणे उत्तर आलं, "सांगितलं होतं, पीळ मार." मला आता ते तेवढं हास्यास्पद वाटत नाही. माझ्या पकडीने चेपलेल्या कनेक्टरपेक्षा त्यांच्या हातचा पीळ चांगला निघाला असता, कारण त्यांचा हात चाळीस वर्षांचा आहे. पण तो पीळही वर्षांनी ढिला पडतो, टेपचा गोंद वितळतो, आणि बाबांनी स्वतःच घरातले असे कितीतरी जोड परत परत केलेले मी लहानपणी पाहिले आहेत. मुख्य म्हणजे त्यांचा हात मला व्हिडिओ कॉलवरून घेता येत नाही.

यंदाच्या मखराचे जोड मी केले आहेत. चार लाल कनेक्टर, चारही ओढून पाहिलेले, फोमबोर्डपासून सुटे, मोकळ्या हवेत. आणि घरात एक नियम केलाय: रात्री झोपताना आणि बाहेर जाताना पट्टीचा प्लग काढायचा. समई शांत झाल्यावर बाप्पा अंधारात बसतात तसे आमच्या लहानपणीही बसायचेच की.